परीक्षेतून प्रवेश देणाऱ्या अमेरिकी सरकारी हायस्कूल: जागा कोणाला मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या काही शहरांत नामांकित सरकारी हायस्कूलमध्ये शिरण्यासाठी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्या चुरशीला तोंड द्यावं लागतं. या जागा कोणाला मिळाव्यात, यावरून गेली पन्नासहून अधिक वर्षं शाळा समित्या, कायदेमंडळं आणि न्यायालयं यांच्यात वाद सुरू आहे. तिकडे स्थायिक झालेले मराठी पालक, तिकडे निघालेली कुटुंबं आणि बातम्या वाचून गोंधळलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. जिथे मत माझं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

या शाळा नेमक्या कोणत्या?

अमेरिकेत बहुतेक मुलं आपल्या हद्दीतल्या सरकारी शाळेत जातात. राहतं घर कुठे आहे, यावर शाळा ठरते. काही शाळा मात्र मुलं निवडून घेतात. न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतली थॉमस जेफरसन (लोक तिला ‘टीजे’ म्हणतात), सॅन फ्रान्सिस्कोची लोवेल, शिकागोतल्या निवडक प्रवेशाच्या अकरा शाळा आणि १६३५ साली सुरू झालेली बोस्टन लॅटिन ही त्यांतली ठळक नावं. बोस्टनमध्ये प्रवेश सातवीपासून मिळतो, इतरत्र प्रामुख्याने नववीपासून.

यांपैकी एकाही शाळेत फी नाही. त्या करदात्यांच्या पैशावर चालतात आणि वादाचं मूळ इथेच आहे. खाजगी शाळेने कोणाला घ्यावं हा बराचसा तिचा प्रश्न म्हणता येईल. सगळ्या शहराच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत शहरातल्या अर्ध्याअधिक वस्त्यांमधलं जवळजवळ कुणीच दिसत नसेल, तर त्या वस्त्यांना जाब विचारायचा पूर्ण हक्क आहे.

वाद कोणत्या आकड्यांवरून पेटतो?

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो (मूळच्या लॅटिन अमेरिकी घरांतली) आहेत. आठ विशेष हायस्कूलसाठी एकच परीक्षा असते. तिला अलीकडच्या वर्षांत साधारण २६,००० मुलं बसतात आणि जागा मिळते सुमारे ४,००० जणांना. त्यांतली दहातली जेमतेम एक जागा या दोन समाजांच्या मुलांकडे जाते, तर निम्म्याहून अधिक जागा आशियाई मुलांना मिळतात. सगळ्यांत चुरशीच्या स्टायव्हसंटमध्ये २०१९ साली ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला गेला, त्यांत कृष्णवर्णीय मुलं ७ होती. २०२३ मध्ये ७६२ पैकी ७, २०२४ मध्ये ७४४ पैकी १०. दरवर्षी निकालाच्या सुमारास हे आकडे पहिल्या पानावर येतात, महिनाभर चर्चा होते आणि पुढच्या वर्षी जवळपास तेच आकडे पुन्हा छापले जातात.

न्यूयॉर्कमध्ये फक्त परीक्षेचेच गुण का धरतात?

कारण तसा राज्याचा कायदा आहे. १९७१ साली शहराच्या एका विभागाच्या शिक्षण अधिकाऱ्यांनी तक्रार केली, की या परीक्षा कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन मुलांना बाहेर ठेवतात. शहराचे शिक्षणप्रमुख त्याची चौकशी करायला निघाले, तेव्हा या शाळांच्या पालकांमध्ये आणि माजी विद्यार्थ्यांमध्ये खळबळ उडाली. त्यातून हेक्ट आणि कॅलांड्रा या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखला जाणारा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, म्हणजे पाठिंबा दोन्हीकडून होता. स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक यांत प्रवेश फक्त स्पर्धा परीक्षेवर मिळेल, असं त्यात लिहिलं गेलं. पुढे शहराने आणखी पाच शाळा त्याच पद्धतीत आणल्या.

यामुळे शाळेतली प्रगती, शिक्षकांचं मत, घरची परिस्थिती, निबंध, मुलाखत यांपैकी काहीही मोजलं जात नाही. गणित आणि इंग्रजी, तीन तास, एक आकडा. २०१८ मध्ये महापौर बिल डी ब्लासियो यांनी परीक्षा काढून टाकून प्रत्येक मिडल स्कूलमधल्या (साधारण सहावी ते आठवीच्या शाळेतल्या) अव्वल मुलांना जागा द्यायचा प्रस्ताव मांडला. राज्याच्या कायदेमंडळात तो पुढे सरकलाच नाही.

कायद्यात एक छोटी वाट मात्र आहे. कटऑफला थोडक्यात हुकलेल्या गरजू मुलांना उन्हाळी वर्ग पूर्ण केल्यावर प्रवेश देता येतो. तिला ‘डिस्कव्हरी’ म्हणतात. २०१८ मध्ये शहराने ही वाट रुंद करून २० टक्के जागांपर्यंत न्यायचं ठरवलं आणि मूल गरिबीचं प्रमाण जास्त असलेल्या मिडल स्कूलमधलं असावं अशी अट घातली. या अटीमुळे आशियाई मुलं भरपूर असलेल्या काही शाळा बाहेर पडल्या, म्हणून त्याच वर्षी दावा दाखल झाला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला होता, पण सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला.

प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच असते. मग अन्याय कुठे होतो?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो प्रामाणिक आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये खरोखरच भेदभाव होत नाही. पेपर तपासणाऱ्या यंत्राला मुलाचा रंग दिसत नाही, आडनाव कळत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी देशात आलेल्या, तुटकं इंग्रजी बोलणाऱ्या मुलालाही तिथे ओळखपाळख लागत नाही. या गुणाची किंमत कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण मूल त्या हॉलपर्यंत पोहोचतं कसं, ते पाहा. आधी अशी परीक्षा असते हे घरात माहीत असावं लागतं. न्यूयॉर्कच्या काही मिडल स्कूलमध्ये सहावीपासून तिची चर्चा असते, काही शाळांत शिक्षक तिचं नावही काढत नाहीत. मग नोंदणी करावी लागते. मग तयारी. परीक्षेत वर्गात न शिकवलेला भाग येतो, कारण परीक्षा आठवीच्या सुरुवातीच्या काही महिन्यांतच होते आणि कित्येक शाळा तोवर त्या गणितापर्यंत पोहोचलेल्या नसतात. ज्या शाळेत सातवीत बीजगणित शिकवतच नाहीत, तिथलं हुशार मूल हुशार असूनही मागे पडतं. काही मोजक्या मिडल स्कूलमधून मुलं झुंडीने स्टायव्हसंटला जातात आणि शेकडो शाळांमधून एकही जात नाही. शेकडो शाळांत मिळून एकही हुशार मूल जन्माला आलेलं नाही, यावर कोणी विश्वास ठेवेल का?

इतिहासही हेच सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिन टेकमध्ये सुमारे निम्मी मुलं कृष्णवर्णीय होती. कायदा तोच होता, प्रवेशही परीक्षेवरच होता. त्या पिढीतले माजी विद्यार्थी सांगतात, की त्यांच्या वस्त्यांमधल्या शाळांत तेव्हा हुशार मुलांचे वेगळे वर्ग असत आणि तिथले शिक्षक परीक्षेची तयारी करून घेत. ते वर्ग पुढच्या दशकांत एकेक करून बंद झाले. दुसरीकडे खाजगी क्लासचा व्यवसाय वाढला. परीक्षा जागेवरच राहिली आणि तिच्यापर्यंत नेणारे रस्ते काही वस्त्यांतून नाहीसे झाले. माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म हे आहे. दुर्दैवाने त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, कारण मिडल स्कूल सुधारायला वर्षं लागतात आणि निवडणुका लवकर येतात.

आशियाई मुलं सधन घरांतली असतात, म्हणून ती पुढे जातात ना?

हा गैरसमज आहे आणि त्याने बरंच नुकसान झालं आहे. न्यूयॉर्कच्या विशेष हायस्कूलमधल्या मुलांचा मोठा हिस्सा सवलतीच्या जेवणाला पात्र असतो, म्हणजे त्यांच्या घरची कमाई कमी असते. त्यांत चिनी आणि बांगलादेशी स्थलांतरितांची मुलं भरपूर आहेत. वडील हॉटेलच्या भटारखान्यात किंवा टॅक्सीवर, आई शिलाईच्या कामावर किंवा दुकानात, आणि त्या कमाईतून बाजूला काढलेल्या पैशातून मुलाचा क्लास. २०१८ चा प्रस्ताव आला तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या पालकांमध्ये अशी कुटुंबं होती. “आम्ही नियम पाळले, आता नियमच बदलता?” हा त्यांचा सवाल होता. त्याला उत्तर न देता त्यांनाच विशेषाधिकारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

व्हर्जिनियाचं चित्र मात्र वेगळं होतं. टीजेच्या जुन्या पद्धतीत सवलतीच्या जेवणाला पात्र असलेलं मूल शोधूनही सापडत नव्हतं. म्हणून ‘आशियाई’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणांना लावून चालत नाही.

क्लास लावून मिळवलेले गुण ही खरी गुणवत्ता का?

मेहनत खरी असते. पण त्या मेहनतीत मुलाचं किती आणि पालकांचा पैसा, वेळ आणि माहिती किती, हे गुणपत्रिकेत वेगवेगळं दिसत नाही. वर्षभर क्लास लावून ५६० मिळवणारं मूल आणि वाचनालयातून पुस्तक आणून एकट्याने ५३० मिळवणारं मूल, यांत अधिक सरस कोण? प्रामाणिकपणे कोणालाच सांगता येणार नाही. कटऑफची रेघ मात्र खात्रीने सांगितल्यासारखं करते.

मग परीक्षेऐवजी शाळेतले गुण धरले तर?

काही अंशी बरं पडतं. एका दिवसाच्या तीन तासांपेक्षा वर्षभराचं काम जास्त सांगतं. मुलींच्या बाबतीत हा फरक ठळक आहे. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेला मुली मुलग्यांहून कमी बसत नाहीत, वर्गात त्यांचे गुण सरस असतात, तरी जागा त्यांना कमी मिळतात. (स्टायव्हसंटमध्ये तर १९६९ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. एका मुलीने दावा ठोकल्यावर दार उघडलं.)

अडचण अशी, की एका शाळेतला ‘ए’ आणि दुसऱ्या शाळेतला ‘ए’ सारखा नसतो. सढळ हाताने गुण देणाऱ्या शाळेतली मुलं पुढे जातात. शिक्षकाचा पूर्वग्रहही गुणांत उतरू शकतो. परीक्षेत न दिसणारी गोष्ट गुणांत दिसते आणि गुणांत लपलेली गोष्ट परीक्षेत उघडी पडते, म्हणून दोन्ही मिळून धरणं मला अधिक सुरक्षित वाटतं. शिकागो आणि बोस्टन तसंच करतात.

टीजेमध्ये नेमकं काय बदललं?

२०२० च्या अखेरीस फेअरफॅक्स काउंटीच्या शाळा मंडळाने प्रवेश परीक्षा बंद केली. १०० डॉलरचं अर्जशुल्कही काढून टाकलं. शाळेतल्या गुणांची किमान सरासरी (४ पैकी) ३.५ आणि बीजगणिताचा अभ्यासक्रम या अटी राहिल्या. जागा सुमारे ४८० वरून ५५० केल्या. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे प्रत्येक मिडल स्कूलमधल्या आठवीच्या १.५ टक्के मुलांइतक्या जागा त्या शाळेसाठी राखल्या गेल्या. निबंध लिहायचे, त्यांतला एक प्रश्न सोडवण्याचा. शिवाय मूल सवलतीच्या जेवणाला पात्र आहे का, घरी इंग्रजी नवीन आहे का, विशेष शिक्षण घेतं का, आजवर कमी मुलं पाठवणाऱ्या शाळेतून येतं का, याचे काही गुण. निवड करणाऱ्यांना नाव, वंश, लिंग यांपैकी काहीही कळत नाही, समोर फक्त क्रमांक असतो.

पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, चित्र पालटलं. गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण १ टक्क्याच्याही आतून २५ टक्क्यांवर गेलं. कृष्णवर्णीय मुलं सुमारे ७ टक्के झाली, लॅटिनो ११ टक्के. आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आला. म्हणजे बदलानंतरही निम्म्याहून अधिक जागा आशियाई मुलांनाच मिळाल्या, पण घट मोठी होती आणि ती सोसणाऱ्या घरांमध्ये अनेक भारतीय घरं होती.

पालकांच्या एका गटाने मार्च २०२१ मध्ये दावा लावला. म्हणणं असं, की नियम वरवर वंशनिरपेक्ष असला तरी हेतू आशियाई मुलं कमी करण्याचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो २ विरुद्ध १ मतांनी फिरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी मतभेद नोंदवला. त्यामुळे नवी पद्धत टिकली.

मला स्वतःला १.५ टक्क्यांची कल्पना सगळ्यांत न्याय्य वाटते. ती मुलाला म्हणते, की तुझी तुलना आधी तुझ्याच वर्गातल्यांशी होईल, ज्यांना तुझ्याइतकीच साधनं मिळाली. टेक्सासने १९९७ मध्ये विद्यापीठांसाठी हाच विचार केला होता. प्रत्येक हायस्कूलमधल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात जागा देणारा कायदा तिथे झाला. माझी टीजेच्या पद्धतीबद्दल एकच तक्रार आहे. परीक्षा पूर्ण काढायची गरज नव्हती. शाळानिहाय जागा ठेवून त्या जागांसाठी, मुलांच्याच शाळेत घेतलेली मोफत परीक्षा एक घटक म्हणून ठेवता आली असती. निबंधांपेक्षा तिच्यावर पालकांचा विश्वास जास्त बसला असता.

हे आपल्याकडच्या आरक्षणासारखंच झालं का?

नाही. भारतीय संविधान मागास घटकांसाठी विशेष तरतुदीची स्पष्ट मुभा देतं. अमेरिकेत घटनेच्या १४ व्या दुरुस्तीतलं समान संरक्षणाचं कलम आडवं येतं आणि वंशानुसार ठरावीक जागा ठेवणं न्यायालयात टिकत नाही. बोस्टनने ते करून पाहिलं होतं. १९७० च्या दशकापासून तिथे ३५ टक्के जागा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी असत. १९९० च्या दशकात त्याला आव्हान मिळालं आणि १९९८ मध्ये त्यानंतरची सौम्य पद्धतही अपील न्यायालयाने रद्द केली. २००७ मध्ये सिएटल आणि लुईव्हिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकेका मुलाचा वंश पाहून शाळा ठरवायला मनाई केली. २९ जून २०२३ च्या हार्वर्ड निकालाने विद्यापीठांचाही तो मार्ग बंद झाला.

म्हणूनच आज सगळे उपाय वस्ती, उत्पन्न आणि मिडल स्कूल यांभोवती फिरतात.

वस्तीनुसार जागा वाटल्या तर काय होतं?

शिकागोचा अनुभव इथे सगळ्यांत जुना आहे. तिथे १९८० पासून न्यायालयाच्या देखरेखीखाली वंशाचा विचार होत असे. २००९ मध्ये ती देखरेख संपली. शहराने मग जनगणनेच्या प्रत्येक छोट्या विभागाची परिस्थिती मोजली. घरांचं उत्पन्न, मोठ्यांचं शिक्षण, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण, एकट्या पालकांची घरं, घरात बोलली जाणारी भाषा, जवळच्या शाळांचा निकाल, हे सगळं धरून चार गट केले. ३० टक्के जागा निव्वळ गुणांवर, उरलेल्या ७० टक्के चार गटांत समान वाटून.

यामुळे शहराच्या सगळ्या भागांतून मुलं येत राहिली, हा मोठा फायदा. तरी उत्तरेकडच्या सर्वांत चुरशीच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण २००९ नंतर घसरलं. वस्तीचं उत्पन्न वंशाची जागा पूर्णपणे भरून काढत नाही, हे त्यातून दिसलं. शिवाय गरीब विभागात नव्याने राहायला आलेल्या सधन कुटुंबालाही त्या गटाचा फायदा मिळतोच.

बोस्टनने २०२१ मध्ये असाच मार्ग धरला. आठ गट, शाळेतल्या गुणांना ७० टक्के वजन, परीक्षेला ३०. वर गरिबीचं प्रमाण जास्त असलेल्या शाळेतून आल्यास १० जादा गुण. हे जादा गुण इतके निर्णायक ठरले, की सधन वस्तीतल्या ज्या मुलांना ते मिळत नव्हते, त्यांपैकी काहींना जवळपास पूर्ण गुण असूनही बोस्टन लॅटिन मिळेना. पुढे त्यांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्याआधीच्या, महामारीच्या वर्षातल्या तात्पुरत्या पद्धतीवरचा दावा डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला.

माझं मत असं, की गट पाडणं ठीक आहे, पण सर्वोत्तम गुण मिळवूनही दार बंद आहे असं कोणत्याही वस्तीतल्या मुलाला सांगावं लागू नये. शहरभरातून निव्वळ गुणांवर भरायच्या काही जागा ठेवल्या, तर ती वेळ येत नाही.

सोडत काढली तर वाद मिटेल का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेलचा अनुभव पाहता मिटत नाही. तिथे वाद जुना आहे. १९८३ च्या तडजोडीनुसार कोणत्याही शाळेत एका समाजाची मुलं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असता कामा नयेत, म्हणून लोवेलसाठी चिनी मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण आणावे लागत. चिनी कुटुंबांनी १९९४ मध्ये त्याविरुद्ध दावा केला आणि १९९९ मध्ये ती अट गेली. ही आठवण ताजी असताना, महामारीत गुण आणि परीक्षा दोन्ही नसल्याने २०२० मध्ये सोडतीचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये शाळा मंडळाने तो घाईने कायमचा केला. सूचना नीट दिली नाही म्हणून न्यायालयाने ठराव रद्द केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना मतदान करून पदावरून हटवलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण लोवेलचा राग मोठा होता. जूनमध्ये गुणांवरचा प्रवेश परत आला.

सोडतीने आलेल्या पहिल्या तुकडीत नववीतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना पहिल्या सत्रात किमान एका विषयात ‘डी’ किंवा ‘एफ’ (काठावरची किंवा नापासाची श्रेणी) मिळाला. आधीच्या वर्षांत हे प्रमाण दहातल्या एकापेक्षा कमी होतं. ही मुलं वर्षभर घरी पडद्यासमोर शिकून आली होती, त्यामुळे सगळा दोष सोडतीवर टाकणं बरोबर नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलांना दारातून आत घेणं आणि त्यांना आत टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी जादा शिक्षक लागतात, आणि त्यांची तरतूद कोणी केली नव्हती.

नियम बदलल्याने दर्जा घसरतो का?

दर्जा म्हणजे काय मोजता यावर उत्तर अवलंबून आहे. टीजेच्या बदललेल्या पहिल्या तुकडीतून नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीच्या उपांत्य यादीत जाणाऱ्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा बरीच कमी झाली, हे खरं आहे. ती यादी परीक्षेवरच ठरते. परीक्षेत सरस असलेली मुलं निवडायचं थांबवलं की परीक्षेतले आकडे खाली येणारच. मूल चार वर्षांत कुठून कुठे पोहोचलं, हे त्यातून कळत नाही.

या शाळेत गेल्याने मुलाचं आयुष्य खरंच बदलतं का?

पालकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. अर्थतज्ज्ञ अब्दुलकादिरोलू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशा शाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कटऑफच्या जेमतेम वर असलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं जवळपास सारखीच असतात. एक गट आत जातो, दुसरा बाहेर राहतो. पुढच्या परीक्षांमधल्या गुणांत दोघांत फारसा फरक सापडला नाही. न्यूयॉर्कवरच्या डॉबी आणि फ्रायर यांच्या अभ्यासातही साधारण हेच दिसलं.

हे वाचून एखाद्या आईचा जीव भांड्यात पडावा अशी माझी इच्छा आहे. एका गुणाने हुकलेलं मूल संपलेलं नसतं. पण या अभ्यासांना मर्यादा आहे. ते रेघेच्या काठावरच्या मुलांबद्दल बोलतात. ज्या मुलाची हद्दीतली शाळा खरोखर कमकुवत आहे, जिथे वरच्या दर्जाचं गणित शिकवायला शिक्षकच नाही, अशा मुलाचं काय होतं हे त्यातून पूर्ण कळत नाही. अशी मुलं त्या रेघेजवळ पोहोचतच नाहीत, हाच तर प्रश्न आहे.

गुणी मुलं आली म्हणजे झालं. विविधता हवीच कशाला?

सरकारी शाळा मुलांना नागरिक म्हणूनही घडवते, म्हणून. पुढे डॉक्टर, अभियंते, न्यायाधीश होणारी मुलं चार वर्षं आपल्याच शहरातल्या दोन तृतीयांश लोकांच्या मुलांना भेटलीच नाहीत, तर ती त्या लोकांसाठी निर्णय कशाच्या आधारावर घेणार? आणि स्टायव्हसंटमध्ये निवडल्या गेलेल्या त्या सात कृष्णवर्णीय मुलांचाही विचार करा. अख्ख्या तुकडीत आपल्यासारखे सातच. प्रत्येक चुकीचं उत्तर आपल्या समाजाच्या खात्यात जमा होईल, या धास्तीत चौदाव्या वर्षी शिकणं सोपं नसतं.

खर्च न वाढवता करता येईल असा काही उपाय?

खर्च थोडा वाढेल, पण उपाय आजमावलेला आहे. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने २००५ च्या सुमारास दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाळणी सुरू केली. त्याआधी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच मुलाला हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी तपासत. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जिउलियानो यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की सगळ्यांना तपासल्यावर गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं विशेष वर्गांत मोठ्या प्रमाणात वाढली. निकष सैल केले नव्हते. ही मुलं आधीही होती, त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. पुढे मंदीत पैसा आटला, चाळणी थांबली आणि वाढही ओसरली.

म्हणून प्रवेशाच्या नियमांवर भांडण्याआधी कुठल्याही शहराने तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. परीक्षा प्रत्येक मुलाची, त्याच्याच शाळेत, शाळेच्या वेळेत घ्यावी, नोंदणीची भानगड ठेवू नये. सातवीपर्यंत बीजगणित प्रत्येक मिडल स्कूलमध्ये शिकवावं. आणि जागा वाढवाव्यात, कारण पन्नास वर्षांत या शाळांची मागणी वाढली तशा जागा वाढलेल्या नाहीत.

आम्ही नुकतेच अमेरिकेत आलो आहोत. मूल सहावीत आहे. काय पाहावं?

आधी तुमच्या जिल्ह्याची पद्धत वाचा. शेजारच्या काउंटीतल्या ओळखीच्यांचा सल्ला इथे लागू पडेलच असं नाही. नियम लवकर बदलतात, म्हणून चालू वर्षाची माहिती जिल्ह्याकडूनच घ्या.

फेअरफॅक्समध्ये आठवीपर्यंत बीजगणित व्हायला हवं, त्यासाठी सहावीतच गणिताच्या शिक्षकांशी बोला. शिकागोत सातवीचे गुण धरले जातात, ते वर्ष हलक्याने घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये आठवीच्या शरद ऋतूत परीक्षा असते, ती मोफत आहे आणि तुम्ही शहराचे रहिवासी असणं पुरेसं आहे, नागरिकत्व लागत नाही. कटऑफला थोडक्यात हुकल्यास डिस्कव्हरीसाठी पात्रता आहे का, ते समुपदेशकांना विचारा. अनेक पात्र पालकांना तिची माहितीच नसते.

न्यूयॉर्कमध्ये शाळांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. त्यात डावपेच लढवू नका. सर्वाधिक गुणांच्या मुलापासून सुरुवात करून प्रत्येकाला त्याच्या यादीतली, जागा शिल्लक असलेली सर्वांत वरची शाळा दिली जाते. त्यामुळे अवघड शाळा पहिली लिहिल्याने दुसरी शाळा मिळण्याची शक्यता कमी होत नाही. मुलाला रोज किती प्रवास झेपेल ते बघा, शाळा प्रत्यक्ष पाहून या आणि त्याला जी खरोखर आवडली तीच पहिली लिहा.